चोवीस व्होल्ट

"शंभरचा नको. दोनशेतीसवर तर थेट लावूच नका,"
मी म्हटलो बाईंना, "आधी मागची पाटी बघू द्या."

पाटी कुठली ओ. गंजका पत्रा,
त्यावर जपानी अक्षरांची एक ओळ
आणि ओळीच्या शेपटाला आकडा : चोवीस.
आकड्याला कुणी भाषा विचारत नाही.
अजून तरी.

गोवावेशीजवळ माझं वायंडिंगचं दुकान.
मिक्सर, पाण्याच्या मोटारी, देवळातला पंखा.
हे असलं कधी आलं नव्हतं :
काचेचं उभं कपाट, आत शेकडो पितळी खिळे,
पोलादी गोळी वर उडवायची
आणि पुढचं खिळ्यांनी ठरवायचं.
तिकडं पाचिन्को म्हणतात.
हुक्केरींच्या घरात गुंडिन पेट्टगी.

गुरुसिद्धप्पा हुक्केरी उद्यमबागेत ओतकामाला होते.
कंपनीनं वर्षभर नागोयाला धाडलं.
बाकीच्यांनी येताना कॅमेरे आणले, घड्याळं आणली.
ह्यांनी हे.
आता ते बाहेर रिक्षात बसलेत, उजवा हात
मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
डॉक्टर म्हणाले, अंगठा हलू दे.
खटका अंगठ्याचाच आहे, त्याला वीज लागत नाही,
नुसत्या स्प्रिंगवर गोळी उडते.
पण दिवे लागल्याशिवाय ते हात लावत नाहीत.
"हट्ट," शिवलीलाबाई म्हणाल्या. तो शब्द दोन्हीकडं चालतो.

पुतण्यानं लॅपटॉपचा चार्जर जोडून बघितला होता.
एकोणीस व्होल्ट, तेही सरळ. ह्याला डुलणारी वीज पाहिजे.
दिवे मिणमिणले, आतली कॉइल तापली, वास सुटला.
नशीब तेवढ्यावर भागलं.
बाजारात चोवीसचे मिळतात की, दीड अँपियरचे,
दारावरच्या घंटीला ठीक.
इथं सगळे दिवे एकदम लागले की बसतील.
चार धरा. चोवीस चोक शहाण्णव,
म्हणजे शंभराचा गाभा, बारा चौरस सेंटिमीटर,
व्होल्टला पावणेचार वेढे.
प्रायमरी आठशे बासष्ट, सव्वीस गेज.
सेकंडरी नव्वद, वर पाच, ओढ बसली की पडतात म्हणून.
आणि फ्यूज. फ्यूजशिवाय मी देत नाही,
माझ्या बापाचा असला तरी.

बाई कन्नडात विचारायच्या, मी मराठीत सांगायचो.
"उद्या या" म्हटलो तर स्टूल ओढून बसल्याच.

हँडल फिरवत मी तोंडानं मोजतो. काउंटर आहे,
त्याच्यावर विश्वास नाही.
चारशे नव्वद, पाचशे, पाचशे दहा,
आणि बँकेच्या पोरीचा फोन, कर्ज पाहिजे का सर.
ठेवला फोन. बघतो तर आकडा गेला.
अडतीस वर्षांत दोनदाच गेलाय असा.
सगळं उलगडायचं म्हणून तारेचं टोक धरलो
तर स्टुलावरनं आवाज :
"ऐनूर हन्नेरडू."
बाई मघापासनं मनात मोजत होत्या.
विडीच्या पत्त्या मोजायची सवय, म्हणाल्या, निपाणीची.

पाचशे तेरा, मी म्हटलो.
पुढचे साडेतीनशे आम्ही दोघांनी घातले.

मग कागद. पिवळा, तेल पाजलेला, तीन पदर.
हे वेढे त्या वेढ्यांना कुठंही शिवू द्यायचे नाहीत.
शिवले तर माणूस जातो.
तरी इकडचं तिकडं पोचतं, कसं ते
शिकाऊ पोरांना मी अजून नीट सांगू शकलेलो नाही.

संध्याकाळी लोड टाकून मीटर लावलो.
चोवीस पूर्णांक दोन. अर्धा तास हात ठेवून बसलो,
कोमट, गुरगुर नाही.
पेटी रिक्षाच्या तोंडाशी आणली, वायर ओढून.
लाल लागला. पिवळे लागले. एक हिरवा
उशिरा, झोपेतनं उठल्यागत.
अप्पांनी बघितलं.
डाव्या हातानं उजवा उचलून खटक्यावर ठेवला
आणि काहीच झालं नाही, बराच वेळ.
रिक्षावाला म्हणाला, मीटर चालू आहे ओ.

मग टिक्.
गोळी अर्ध्यावरच जाऊन परत आली.

नऊशे झाले होते, आठशे दिले. उरलेल्याबद्दल
बाई काही बोलल्या नाहीत, मी मागितलो नाही.
रात्री झाडताना बाकाखाली एक गोळी सापडली.
परत द्यायला जायचंय, रामतीर्थनगरला.
तोवर खणात आहे, बॉबिनांच्या शेजारी.
ट्रक गेला की गडगडते.