माग

दुसऱ्या प्रकरणात, बाई पत्र जाळते त्या पानावर
लेखक लिहितो, "खोलीत कसलाच आवाज नव्हता",
आणि नेमकी तिथेच माझ्या आवाजाखाली
घरघर.

मी वूचमध्ये राहते, चौथ्या मजल्यावर.
अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून मुद्रित करते.
ग्रोनोस्तायबाईंनी फोनवर फार सभ्यपणे विचारलं,
"बोगुमिला, तुमच्याकडे कुणी सतत केस वाळवतं का हो?"

डोक्यावर रजई घेऊन वाचलं. कपाटात बसून वाचलं.
कॉम्प्युटर दाराबाहेर ढकलला,
वायर उंबऱ्यापाशी संपली.
बरं, ती घरघर सरळही नव्हती:
दहा मिनिटं गप्प,
मग ऊं… ऊं… ऊं…
दोन पंखे, एक किंचित पुढे, एक किंचित मागे,
जशा दोन जावा एकच गोष्ट
एकाच वेळी सांगतात.

पाचव्या मजल्यावरचे इग्नात्सी व्रोना खाली आले.
व्रोना म्हणजे कावळा, आणि आवाजही तसाच.
छत्तीस वर्षं कापडगिरणीत माग दुरुस्त केले,
मागांनी डावा कान घेतला,
उजव्यातलं निम्मं.
मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू कसं येणार?"
त्यांना तेही ऐकू आलं नाही.
म्हणाले, "लाकडी चमचा आण. लांब दांड्याचा."

दांडा दातांत धरला,
चमच्याचं तोंड टेकवलं पत्र्यावर,
आणि डोळे मिटून म्हातारा माग काढू लागला
कवटीच्या हाडांनी.

बाजूचा पत्रा उतरवला.
"पात्याला हात लावू नकोस. मधोमध बोट टेकव, हलकेच. थांबव."
पुढचा पंखा थांबवला. त्यांनी मान हलवली, नाही.
प्रोसेसरवरचा. नाही, पण हा दमलाय.
मागचा थांबवला
आणि त्यांच्या जबड्यातलं काहीतरी सैल झालं.

चारपैकी एक स्क्रू नव्हताच.
पंखा निर्दोष होता, बिचारा तीन पायांवर नाचत होता
आणि अख्खी पेटी त्याच्या तालावर.
मी दोन महिने पंख्याला शिव्या दिल्या होत्या.

दमलेल्याच्या पोटातून
धुळीचा एक चौकोन निघाला, नमद्यासारखा, अखंड.
त्यांनी तो खिडकीपाशी नेला, बोटांनी उसवला,
गिऱ्हाईक कापड बघतं तसा उजेडाला धरला.
"लोकर. हिरवी. आणि केस, तुझेच."
चार हिवाळ्यांचा माझा स्वेटर
त्याने श्वासाश्वासाने विणून ठेवला होता.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या,
प्रत्येक स्क्रूखाली एक.
मग वेग मी उतरवला, स्क्रीनवर,
चौदाशेवरून आठशेवर.
आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही.
त्यांनी तळहात ठेवला, ऊब बघितली, आजाऱ्याची बघतात तशी.
"चालेल. धावायचं कशाला, कापड तेवढंच निघतं."

"गेला आवाज?"
"गेला."
त्यांच्यासाठी आधीही नव्हता, नंतरही नव्हता,
तरी हात पत्र्यावरून उचलेनात.
म्हणाले, गिरणी बंद झाली त्या रात्री
आमच्या गल्लीत कुणी झोपलं नाही.
बायकोने शेवटी नळ सोडून ठेवला,
बारीक धार, बादलीत.
पहाटे मी उठून बंद केला.
बिल कोण भरणार?

ते गेल्यावर दुसरं प्रकरण पुन्हा वाचलं.
बाईने पत्र जाळलं. खोलीत कसलाच आवाज नव्हता.
हेडफोन लावून तपासलं:
माझा आवंढा,
फ्रिजचं एक उचकणं,
आणि "नव्हता"वर, वरच्या मजल्यावर,
खुर्ची सरकली.

फ्रिजचं काहीतरी करायला हवं.
खुर्चीचं मी ग्रोनोस्तायबाईंना सांगितलेलं नाही.
चमच्याच्या दांड्यावर दातांचे सहा खळगे आहेत,
बीटचं सूप ढवळताना
अंगठा आपोआप
त्यातल्या एकात बसतो.