उलट्या क्रमाने

बर्नली. रात्रपाळी. दोन वाजता
केअर होमच्या पँट्रीत लॅपटॉप उघडते.
धडा चौथा : बुद्धिमत्तेचं मापन.
हेडफोनमधली बाई आकडे सांगते,
ते मी उलटे म्हणायचे.
सहापर्यंत जमतं. सातव्याला
डब्यातल्या आल्याच्या बिस्किटांचा वास मध्ये येतो.

सातवी ब मध्ये मी 'ढ' होते.
चिटणीसबाईंनी एका अक्षरात उरकलं होतं,
ना प्रश्नावली, ना टक्केवारी.

मागच्या आठवड्यात स्वभाव होता. पन्नास विधानं.
'अनोळखी माणसांत मला मोकळं वाटतं' –
कुठल्या भाषेत, ते विचारलं नव्हतं.
मी मधला गोल भरला.

घंटा वाजते. खोली नऊ.
मिस्टर ऑर्मरॉड, ज्यांना लेकीचं नाव आठवत नाही,
उशी सारखी करताना पुटपुटतात
आईचा सोसायटीच्या दुकानातला खातेक्रमांक.
पाच आकडे, न अडखळता.
दूध आणायला पाठवायची ना ती.

मी सवयीने, हळूच,
ते उलटे म्हणून पाहते.
मनगट धरतात माझं :
'तसं नाही, पोरी. तसं सांगितलंस
तर पैसे भलत्याच्याच नावावर जमा होतील.'