चिबड

चिबड जमीन दुरून ओळखू येत नाही.
हिरवीच दिसते.
पाय टाकला की मात्र ती आतल्या आत विचार करते,
गिळावं की नाही.

करंजगावच्या खालच्या अंगाला,
कालवा आणि नदीच्या बेचक्यात, असं अकरा एकर.
वर मिठाची पांढरी साय, पाणकणसं, लव्हाळा,
रंगनाथ सांगळ्यांची गंजलेली मोटर,
आणि मी. खात्याची रोजंदारीवरची,
आकड्यांची पट्टी उभी धरणारी.
नाशिकहून आलेले कोठावदे साहेब
दुर्बिणीतून दिवसभर माझ्या दिशेला बघतात
आणि मी त्यांना कधीच दिसत नाही.

पोकलेन मालेगावहून आलं, रात्री, ट्रेलरवर.
अश्फाक खाली उतरला, चिखलात काठी खुपसली.
त्याचं कोपर बुडालं तरी तळ लागेना.
काही बोलला नाही. हात पुसला,
बाभळीचे ओंडके मागवले.

चार ओंडके तारेने आवळून एक तराफा. असे पाच.
यंत्र तराफ्यावर उभं राहतं, खोदतं,
मग कमरेत वळतं, मागचा तराफा उचलतं,
पुढे ठेवतं, त्यावर चढतं.
दिवसाला साठ मीटर, फार तर सत्तर.
पायाखालची जमीन स्वतःच उचलून नेणारं जनावर
मी आधी पाहिलं नव्हतं.
बायका पाहिल्या होत्या.

अश्फाकच्या घरी माग होते, विकले.
आता दोन दांड्यांवर दोन हात,
बोटं हलल्यासारखी वाटतही नाहीत
आणि तिकडे सात मीटरवर बकेट
चराचा काठ तासत येते, साय काढावी तशी.
"सूत तुटायच्या आधी हाताला कळतं," तो म्हणाला,
"मातीचं पण तसंच."
काळी माती. मग पिवळी. मग निळसर गाळ,
ज्याला बंद डब्यातल्या
परवाच्या भाताचा वास येतो.

चौथ्या दिवशी खण्ण वाजलं.
त्याने इंजिन बंद केलं.
आधी कानात नुसतं शांत, मग बेडूक,
मग लांब कुठे जांभळ्या पाणकोंबड्यांची भांडणं.
बकेटीत लोखंडाचा दात होता, वीतभर,
एका बाजूने झिजलेला.

सांगळ्यांचे चुलते बांधावरून म्हणाले,
आलं होतं की एक, माझं लग्न झालं त्या साली.
दोरावर बादली फेकायचं, कोळ्याने जाळं फेकावं तसं.
पुढे फसलं. तीन महिने इथेच.
पोरं त्याच्या टपावर बसून बदकं मोजायची.
नेलं एकदाचं. चर राहिला.
मग गाळ काढायला कोण येतंय?

साहेबांनी नकाशा उलगडला.
तीच रेघ, पुसट, तुटक.
त्यांना ती कागदाची घडी वाटली होती.

अश्फाकने तो दात आपल्या बकेटीच्या दातांशेजारी धरून पाहिला,
दुकानात चपलेचं माप बघावं तसा.
मग सीटखाली, डब्याशेजारी ठेवून दिला.
पुढचे दोन दिवस तो जरा हळू खोदत होता,
किंवा मलाच तसं वाटलं.

शेवटी चराचं तोंड नाल्याला उघडलं.
हजार मीटरला एक मीटर उतार,
म्हणजे डोळ्यांना शून्यच.
पाणी जागच्या जागी, चहाच्या रंगाचं.
सगळे वाकून बघतायत, कुणी काही बोलत नाही.
माझ्या भाकरीबरोबरच्या कांद्याचं साल
मी त्यात टाकलं.

साल थांबलं.
गोल फिरलं.
चुलते म्हणाले, वारा आहे.
वारा नव्हता.
ऊन कलेपर्यंत ते हातभर पुढे गेलं होतं,
नदीच्या बाजूला.

अश्फाक तराफ्यांच्या तारा सोडवायला लागला.
मी पट्टी धुऊन पुसली.
तिचे खालचे तीन आकडे मातीने खाल्लेत, कधीचेच.
साहेब ते अंदाजाने वाचतात.