सुपडू

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी,
केळीच्या बागेतल्या बोअरवर बाटली भरली.
लेबल चिकटवलं: खोली दोनशे ऐंशी फूट,
मालक सुपडू उखर्डू कोळी.

तो ठिबकच्या नळ्या सोडवत बसला होता.
भोकाभोकांत चुना, पांढरा, हट्टी.
वर्षातून दोनदा अ‍ॅसिड सोडतो म्हणाला,
फसफसतं, मग वाट मोकळी.
"ताई, मन्हा पानीमा काय शे?"

काय सांगू.
चुना आहे, तो तुझ्या चहाच्या पातेल्यालाही ठाऊक.
मॅग्नेशियम आहे, काळ्या खडकाची झीज.
आणि असलंच तर आणखी एक,
अब्जात काही कण, ना वास ना चव.

युरेनियम पाण्यात एकटं चालत नाही.
खांद्यावर कावड, दोन टोकांना दोन ऑक्सिजन, ताठ.
कमरेभोवती तीन कार्बोनेट दाटीनं बसतात.
तिघांचे मिळून सहा उणे,
याचे स्वतःचे दोन अधिक,
चाराचं देणं उरतं.
मग बाहेरून कॅल्शियम येतं, एक, आणि मागून दुसरं,
दोघं आपापले दोन अधिक भरतात.
शून्य.
(मॅग्नेशियमही येऊन उभं राहतं,
पण अंगाभोवतीचं पाणी सोडवत नाही त्याला,
हात सैलच.)

शून्य झालेल्याला कोण अडवणार?
गेरूचा कण, चिकणमातीचा पापुद्रा,
भार बघून हात धरणारी ही माणसं;
त्यांच्या अंगावरून ते जातं
खाली, तापीच्या बाजूला,
कुणाच्या मोटारीत, कुणाच्या हंड्यात.

नाव सुपडू कसं, मी विचारलं.
"माझ्या आधीची तीन गेली.
मग मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
टाकून दिल्यासारखं.
नेणाऱ्याला वाटावं, इथं उचलण्याजोगं काही नाही.
बापाचंही तेच. उखर्डू म्हणजे उकिरडाच की.
बासष्ट झाली. अजून कुणाचं ध्यान नाही गेलं."
हसला, आणि नळीत फुंकर मारली.

प्रयोगशाळेत आधी ती मिठी सोडवावी लागते.
मी फॉस्फेटचं द्रावण टाकते,
चुन्याची पकड सुटते,
ते नवा हात धरतं,
आणि प्रकाशाचा एक ठोका पडला की
हिरवं चमकतं,
डोळ्याला कळायच्या आत विझतं.
यंत्राला तेवढं पुरतं.

आकडा आला आहे.
खिडकीबाहेर केळीचा ट्रक भरतायत,
वजनकाट्यावर कुणीतरी ओरडतंय.
मी रकान्यात आकडा लिहिते, शेजारी त्याचं नाव,
पेन थोडं थांबतं.
उद्या फोन लावायचा आहे.
दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही
इतक्या हळू
त्याला हाक मारायची आहे.