दुसरा ब्रेक

जिनिंगच्या मागे, कडुनिंबाखाली
नऊ वर्षं उभी होती पद्मिनी.
चारी टायर बसलेले,
म्हैस बसते तसे, उठायचं नाही असं ठरवून.
टपावर अजून पाटी :
उज्ज्वल मोटार ड्रायव्हिंग स्कूल, पारोळा.
त्यातला एक ज गळालाय
आणि शिकाऊचा तांबडा एल
उन्हानं गुलाबी झालाय.

सुपडू मिस्तरीनं बॉनेट उघडलं,
एअर फिल्टरमधून ओंजळभर कापूस काढला.
कुण्या उंदरीनं जिनिंगमधून पुंजका पुंजका आणून
कार्बोरेटरच्या तोंडाशी बाळंतपण उरकलं होतं.
त्यानं कापूस चिमटीत ओढून बघितला.
"लांब धागाना शे," म्हणाला,
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "गाडी मरेल नही शे, ताई. रुसेल शे."

मरणं आणि रुसणं यातला फरक
साडेअकरा हजारांचा निघाला.

प्लग काढून चारी भोकांत
त्यानं चमचा चमचा ऑइल सोडलं.
दोन राती जिरू द्या,
घाई केली तर रिंगा तुटतील.
दोन दिवस मी बँकेत
लोकांच्या सह्या जुळवत बसले
आणि कुठंतरी अंधारात ते तेल
गंजाशी हळूहळू बोलत राहिलं.

टाकीतलं पेट्रोल काकवीसारखं.
वास जुन्या वार्निशचा.
जेट साफ करायला मी घरून स्टोव्हची पिन नेली
तर हात झटकला त्यानं,
भोक मोठं होतं म्हणाला, पितच राहील मग.
तोंडानं फुंकलं, उजेडाला धरलं,
पुन्हा फुंकलं.

तिसऱ्या दिवशी सलाइनच्या बाटलीत पेट्रोल,
बाटली बॉनेटच्या कडीला,
नळी खाली.
हमाल गोळा झाले, पेशंट बघायला येतात तसे.
चोक ओढला.
आधी खोकली.
मग धूळ शिंकली सगळ्यांच्या अंगावर.
कितव्यांदा कोण जाणे, धरलं तिनं,
आणि निंबावरचे होले एकदम उडाले.

बॉनेट लावताना सुपडूनं आत बोट दाखवलं,
"हाई काय करू?"
डावीकडच्या सीटपुढं
दुसरा क्लच, दुसरा ब्रेक.
आप्पांचे.

त्या पेडलनं अर्धं गाव थांबवलंय :
तलाठी, दोन कंपाउंडर, उपनगराध्यक्षांची बायको,
खताच्या दुकानातला तो तोतरा पोरगा.
"मी बी ह्याच ब्रेकवर शिकनू," सुपडू म्हणाला.
मी नाही.
मी किल्ली मागितली तेव्हा आप्पा म्हणाले,
बँकेची परीक्षा दे,
गाडी काय, कोणीही चालवतं.
मी धुळ्याला शिकले, अठराशे भरून,
भलत्याच माणसाच्या ब्रेकवर.

सळई कुजलीय, नवी भेटाव नही,
काढी टाकू?
सळई काढ, मी म्हटलं.
पेडल राहू दे.

आप्पांना आता उजेड तेवढा कळतो.
काचबिंदूनं बाकीचं नेलं.
हात धरून त्यांना डावीकडे बसवलं,
उजवीकडे नको का, असं त्यांनीही विचारलं नाही.
सवयीनं चप्पल काढली,
अनवाणी पाऊल आपोआप पेडलवर.
हायवे सोडून मी अमळनेर रोड धरला.
थंडी होती, काच अर्धीच वर येत होती.

कपाशीचा ट्रॅक्टर आडवा आला,
त्याचा फटफट आवाज ऐकून त्यांचं पाऊल खाली गेलं.
मी माझा ब्रेक दाबला, हलकेच.
गतिरोधक. पाऊल खाली. मीही.
बोरीच्या उताराला लागलो तेव्हा तर
किती आधी त्यांना कळलं, कशावरून,
मला अजून सांगता येणार नाही.
पाऊल खाली, आणि त्याच्यामागून माझं.

पूल गेला. मैलभर कोणी बोललं नाही.

"ब्रेक चांगला लागतोय," आप्पा म्हणाले.
मग खिडकीकडे तोंड करून,
"तू फक्त जरा उशिरा दाबतेस."