रिकामी पाटी

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
मी लाद्या फोडतो, त्याला आता एकवीस वर्षं झाली.
हरेश्वर कुबलचं नाव निघालं की लोक मला विचारतात,
तू त्याच्या बाकावरचा ना?
बाकावरचा नाही. होडीवरचा.

उपड्या घातलेल्या होडीवर आम्ही नाटक करायचो,
उभादांड्याला, सुकत टाकलेल्या जाळ्यांच्या मागं.
राजा मी. त्याला राजा नकोच असायचा.
माझ्या ताईची विटकी साडी गुंडाळून
तो द्रौपदी व्हायचा, मग मंदोदरी,
मग पोस्टातल्या मडवळबाई,
ज्या मनीऑर्डरीवर शिक्का मारण्याआधी
एकदा खिडकीबाहेर बघत, उगाच.
आम्ही हसून लोळायचो. तो हसत नसे.

बाराव्या वर्षी दशावतारी कंपनीचा पेटारा उचलायला गेला.
दाभोलीच्या जत्रेत स्त्रीपार्टी तापानं फणफणला
आणि मालक इकडंतिकडं बघून म्हणाले,
"उभो रव रे, हरग्या."
आरसा मी धरला होता.
सफेता लावताना त्याचा हात जराही हलला नाही.
माझा हलत होता.
"आरसो सरळ धर, मेल्या,"
एवढंच बोलला, आणि तोही आवाज
निम्म्यात बाईचा झाला.

पुढचं पेपरात येऊन गेलंय.
पुणं, मग दिल्ली, मग कुणी परकी दिग्दर्शक बाई,
जिनं त्याला एका नाटकात नुसतं बसलेलं पाहिलं
आणि स्कॉटलंडला नेलं.
तिथल्या पहिल्या थंडीत मध्यरात्री फोन:
"अरे, हयपण बांगडोच गावता!
फक्त तिरफळा नाय."
मी पाव किलो पाठवली.
कस्टमवाल्यांनी ठेवून घेतली.

सिनेमा मी कारखान्यातच पाहिला, मोबाईलवर,
वीज गेलेली, कंप्रेसर गप्प.
त्यात तो कुणी खलाशी.
बुडालेल्या भावाची वाट बघून धक्क्यावरून परत फिरतो.
चार मिनिटं एक शब्द नाही.
रिकामी पाटी उचलतो, पालथी करून पाणी झटकतो,
काठावरून एकदा अंगठा फिरवतो,
जशी कुणाची हनुवटी,
आणि चालू लागतो.
यावर म्हणे तिकडं अख्खं थिएटर उभं राहिलं.
मी मोबाईल पालथा ठेवला, लादीवरच.

कारण ती माझी आई होती.
बाबांची होडी न आल्याची चौथी सकाळ.
मी रडत होतो.
हरग्या रापणीच्या दोराच्या वेटोळ्यावर बसून
बघत होता.
दहा वर्षांचा. पापणी न मिटता.
तेव्हा वाटलेलं, घाबरलाय बिचारा.

आईला दाखवला. चष्मा पुसून तिनं दोनदा बघितला.
मला वाटलं, रडेल. नाहीतर शिवी घालेल.
"बरा करता," म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, तांदूळ निवडता निवडता,
"पण पाटी डाव्या हातात होती.
उजव्यात तू होतंस."

काल त्याचा फोन आला.
कसलंसं मोठं बक्षीस, मागं ग्लासांची किणकिण,
कुणीतरी त्याला भलत्याच नावानं हाका मारतंय.
"काकीन बघल्यान?"
मी सांगितलं, ती म्हणाली ते, जसंच्या तसं.
मग नुसतंच वारं.
वाटलं, ओशाळला.
वाटलं, लाईन गेली.
आणि मग हळू, पेटारा उचलणाऱ्या पोराच्या आवाजात:
"परत सांग. खयच्या हातात?"

डाव्या, म्हटलं.
फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्याची खरखर आली.
उजवा हात बहुतेक
त्यानं मोकळा केला असावा.