बारा एकोणसाठ

घड्याळ लिस्बनहून आलं. सोबत मुलीचं पत्र:
वडील गेले. हे बोलतं म्हणतात,
आम्ही कधी ऐकलं नाही.

एमे रोशांनी भिंग डोळ्याला लावलं,
पाठ उघडली,
आणि बराच वेळ गप्प राहिले.
खिडकीबाहेर कुरण बुडालेलं,
बर्फातून कुंपणाची टोकं तेवढी वर.

मी भाग मोजत होते
(तिसऱ्या वर्षाची शिकाऊ पोरगी मोजतच असते).
तासांचं चक्र गोगलगायीच्या पाठीसारखं,
मिनिटांचं चार पाकळ्यांचं,
पाकळीगणिक चौदा पायऱ्या,
आणि एकेका पायरीची कड
कुणीतरी जेन्शनच्या वाळल्या काडीने घासलेली,
आरशासारखी, जिथे कुणाची नजर जाणार नाही.
एवढ्या पैशांत आमच्या शाळेचं छप्पर
दोनदा शाकारून झालं असतं.

"कुणीतरी नाही, कोराली. मी.
सत्त्याऐंशीचा हिवाळा.
गोठ्यात दोन गाई व्यायल्या, पण हा सूर काही बसेना."

पोलादाच्या दोन तारा, यंत्राला वेढा घालून.
मुळाशी घासलं की सूर उतरतो,
टोकाशी छाटलं की चढतो,
आणि घासलेलं परत लावता येत नाही.
अकरा तारा वाया गेल्या होत्या.
बारावी ही.

तेल वाळून मध झालं होतं.
खटका एकदाही ओढलेला नसावा.
नऊ दिवस धुणं, पुसणं,
सुईच्या टोकावर राहील न राहील एवढं नवं तेल.
मग झाकण बसवलं आणि काटे लावले
बारा एकोणसाठवर.
बोलायला सर्वांत जास्त असतं ते याच वेळेला,
म्हणून परीक्षा याच वेळेची.

त्यांनी डोळे मिटले. खटका ओढला.
मी जिवाचा कान केला.

बारा टोले खर्जात.
मग पावकांच्या तीन जोड्या, वरची-खालची, वरची-खालची.
मग नुसती वरची तार,
चौदा वेळा.

"पंधरा," ते म्हणाले.
मी बत्तीस मोजले होते.

कानशीवरची धूळ त्यांनी उगाच फुंकली.
"वरची तार मला तीन वर्षं झाली, येत नाही.
वर ऑफिसात सांगू नकोस."
मग हळूच, "कशी आहे ती?"

शाळेत कंपनं शिकवली होती, हर्ट्झ शिकवले होते.
त्यातलं काही जिभेवर येईना.
"नोव्हेंबरात तळं नुकतं धरतं ना," मी म्हटलं,
"त्या पातळ बर्फावर खडा भिरकावला
की जे पळत जातं, पार पलीकडच्या काठापर्यंत,
तशी."

त्यांनी मान हलवली. एकदाच.

एवढ्यात मिनिट उलटलं होतं.
त्यांनी पुन्हा खटका ओढला.
एक.
खर्जातला एकच टोला,
दोघांनाही ऐकू आला.